वांकणारा दिवा व त्याचें आयुर्मान

शास्त्रीय शोधांचा इतिहास लिहितांना आपण बहुधा जन्माचे दाखले तेवढे जमा करतों. अमुक वस्तु अमुक सालीं अमुक गृहस्थांनीं शोधून काढली, एवढें सांगितलें कीं आपला इतिहास पुरा होतो. ती वस्तु पुढें किती दिवस जगली, कशानें आजारी पडली आणि तिची शुश्रूषा कोणीं केली, हें विचारण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं. पुष्कळ शोधांच्या बाबतींत ही उणीव खपून जाते. परंतु ज्या विद्येविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे योजिले आहे, तिच्या बाबतींत ही पद्धति स्वीकारली तर इतिहासाचा गाभाच हातांतून निसटतो. कार्बनी रेणूंच्या पातळ पापुद्र्यांतून वीज खेळवून वांकणारे दिवे, गुंडाळतां येणारे पडदे आणि कापडासारखे सौर घट तयार करण्याची ही विद्या. हिला आपल्याकडे सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकी म्हणूं लागले आहेत. हींतील वस्तू जन्मास घालणें फारसें अवघड ठरलें नाहीं. त्या जगविणें हेंच काय तें अवघड ठरलें.

असें कां व्हावें, हें समजण्यास मोठ्या शास्त्राची गरज नाहीं. सिलिकॉनच्या स्फटिकांत प्रत्येक अणु आपल्या चार शेजाऱ्यांशीं बळकट बंधांनीं जखडलेला असतो. म्हणून तो स्फटिक कठीण, ठिसूळ आणि दीर्घायुषी. सेंद्रिय पापुद्र्यांत एकेका रेणूच्या आंतले बंध बळकट असले, तरी रेणूरेणूंमधील ओढ फार दुबळी असते. जत्रेच्या गर्दींत माणसें खांद्याला खांदा लावून उभीं असतात, पण कोणीं कोणाचा हात धरलेला नसतो, तशांतला हा प्रकार. या ढिलेपणामुळेंच हीं द्रव्यें द्रावकांत विरघळतात, शाईप्रमाणें छापतां येतात, प्लॅस्टिकवर पसरून वांकवितां येतात. आणि याच ढिलेपणामुळें हवेंतील प्राणवायु व पाण्याची वाफ त्यांत बिनदिक्कत शिरतात. कोंकणांत आषाढाच्या दिवसांत तळलेल्या पापडांचा डबा उघडा राहिला म्हणजे घटकाभरांत काय होतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला या विद्येंतील निम्मीं दुःखें आपोआप कळतील. गुण आणि दोष येथें दोन नव्हेत. एकाच स्वभावाचीं तीं दोन नांवें आहेत.

या कुळांतील पहिली वस्तु १८६२ सालीं लंडनमध्यें जन्मास आली. तेथील लंडन हॉस्पिटलच्या विद्यालयांतील रसायनशास्त्राचे अध्यापक हेन्री लेथबी यांनीं ॲनिलिनच्या आम्लयुक्त द्रावणांतून वीज सोडली, तेव्हां प्लॅटिनमच्या पत्र्यावर निळसर काळा थर जमला, आणि रासायनिक उपचारांनीं त्याचा रंग पालटतो असें त्यांस दिसून आलें. ॲनिलिन हें नांव मुळीं आपल्या निळीवरून पडलेलें आहे. ऑटो उन्फरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञानें तें १८२६ सालीं प्रथम मिळविलें तें नीळ तापवूनच. आणि 'नील' हा शब्द अरबांच्या व पोर्तुगीजांच्या तोंडून फिरतां फिरतां 'अनिल' झाला होता, त्यावरून पुढें या द्रव्याचें बारसें झालें. लेथबींच्या थराचा भाऊबंद असा एक काळा रंग लवकरच सुती कापड छापणाऱ्यांनीं उचलला, आणि तो त्यांना आवडला तो धुण्यानें जात नाहीं म्हणून! टिकाऊपणा हा त्याचा गुण गिरण्यांतून सर्वांस ठाऊक झाला. त्यांतून वीज वाहूं शकते, ही गोष्ट मात्र जवळजवळ शंभर वर्षें कोणीं मनावर घेतली नाहीं. १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांत वाइस व त्यांचे सहकारी यांनीं पॉलिपायरोल नांवाच्या तशाच एका काळ्या द्रव्यांतून वीज बऱ्यापैकीं वाहते असें दाखविलें, तेंहि नियतकालिकांच्या गठ्ठ्यांत पडून राहिलें.

जगाचें लक्ष वेधून घेतलें तें निराळ्याच वस्तूनें. १९६७ च्या सुमारास तोकियो येथें हिदेकी शिराकावा हे ॲसिटिलीन वायूच्या रेणूंची साखळी गुंफण्याच्या खटपटींत होते. एरवीं या क्रियेंतून काळपट भुकटी मिळावयाची. एके दिवशीं कोरियाहून आलेल्या एका सहकाऱ्याच्या हातून उत्प्रेरकाचें प्रमाण हजारपट अधिक पडलें, आणि द्रवाच्या पृष्ठभागावर रुप्यासारखा चकचकणारा पापुद्रा धरला. शिराकावांनीं ही चूक फेंकून न देतां वर्षानुवर्षें तिचा अभ्यास केला. १९७५ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील ॲलन मॅकडायर्मिड हे तोकियोस आले होते. त्यांच्यापाशीं गंधक व नायट्रोजन यांचें सोन्यासारखें झळकणारें एक द्रव्य होतें. चहाच्या पेल्यावर गोष्टी निघाल्या, सोन्यावरून रुप्यावर आल्या, आणि दुसऱ्या वर्षीं शिराकावा फिलाडेल्फियास जाऊन पोंचले. तेथें भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर त्यांना मिळाले. १९७६ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २३ तारखेस त्या रुपेरी पापुद्र्याला ब्रोमीनची वाफ दिली, आणि त्याची विद्युद्वाहकता पाहतां पाहतां सुमारें एक कोटि पट वाढली. १९७७ सालीं हें वर्तमान छापून आलें; २००० सालीं या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

येथवर कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढची गोष्ट सांगणारे थोडे. पॉलिॲसिटिलीनच्या साखळींत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीनें येतात. ब्रोमीन किंवा आयोडीन त्या साखळींतून इलेक्ट्रॉन उपटून नेतात व त्या रिकाम्या जागा साखळीवरून सरकूं लागतात, म्हणजेच वीज वाहूं लागते. आतां इलेक्ट्रॉन उपटण्याचा धंदा प्राणवायुहि करतो. म्हणून हा पापुद्रा उघड्यावर ठेवला तर आरंभीं त्याची वाहकता किंचित् वाढते, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं हवा याला मानवली! पण तो मित्राच्या वेषांतला शत्रु असतो. थोड्याच वेळांत प्राणवायु साखळीच्या कार्बनाशीं कायमचा जोडला जातो, दुहेरी बंधांची माळ ठिकठिकाणीं तुटते, रुपें काळवंडतें, आणि जो पापुद्रा लवचीक म्हणून नांवाजला तो ठिसूळ होऊन हातांत मोडतो. १९८७ सालीं जर्मनींतील बी. ए. एस. एफ. या कारखान्याच्या नारमान प्रभृतींनीं हा पापुद्रा ताणून त्याची वाहकता तांब्याच्या सुमारें चौथाईवर नेऊन ठेवली. तथापि बंद भांड्याबाहेर काढतांच जें मरूं लागतें त्याच्या तारा करून विकणार कोण? पॉलिॲसिटिलीन बाजारांत कधींच आलें नाहीं.

पारितोषिक अयोग्य ठिकाणीं गेलें, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. वाट दाखविणाऱ्याचा मान मोठाच. परंतु त्या वाटेनें बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्यांचा मान त्याहून फार लहान मानावा, हें मात्र आम्हांस पटत नाहीं. स्वतः मॅकडायर्मिड यांनींच १९८० नंतर लेथबींच्या जुन्या काळ्या थराकडे मोर्चा वळविला आणि त्याला आम्ल पाजलें कीं तो हवेंतहि वाहक राहतो, हें नीट उलगडून सांगितलें. या क्षेत्रांतील सर्वांत चिवट द्रव्य मात्र निघालें तें लेव्हरकूझेन येथील बायर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत, १९८८ च्या आसपास. तेथील योनास व हायवांग हीं नांवें आपल्याकडील किती पदवीधरांनीं ऐकलीं असतील? पेडॉट या आंखूड नांवानें तें आतां ओळखलें जातें. त्यांतील थायोफीनच्या कड्याला दोन नाजूक कोपरे असतात व प्राणवायूचा पहिला घाव तेथेंच बसतो. या मंडळींनीं ते दोन्ही कोपरे आधींच एका पुलानें बांधून टाकले. शिवाय त्या पुलांतील अणु साखळीस इतके इलेक्ट्रॉन पुरवितात कीं कांहीं इलेक्ट्रॉन गमावलेली अवस्था हीच तिची स्वस्थ अवस्था होऊन बसते. ज्यानें घरांतलें सारें आधींच देऊन टाकलें, त्याला चोराची भीति कसली? याचा पहिला मोठा उपयोग झाला तो आगफाच्या छायाचित्रणाच्या फिल्मवर, घर्षणानें सांचणारी वीज वाहून नेण्यासाठीं. काम अगदीं हमालीचें. पण वर्षानुवर्षें बिनबोभाट झालेलें. मात्र हें द्रव्य पाण्यांत पसरावें म्हणून त्याला जें आम्लधर्मी पॉलिमर जोडलें, तें ओल शोषून घेतें आणि दिव्यांतील इंडियमच्या ऑक्साइडचा पारदर्शक थर हळूहळू कुरतडतें, असें २००० सालीं फिलिप्सच्या संशोधकांना आढळून आलें. औषधांत रोगाचें बीज असावयाचें तें असें.

आतां दिव्यांकडे वळूं. सेंद्रिय स्फटिकांतून विजेच्या जोरावर प्रकाश निघतो, हें न्यूयॉर्कच्या मार्टिन पोप यांनीं १९६३ सालीं ॲन्थ्रासीनच्या स्फटिकावर दाखविलें होतें. पण त्याला ४०० व्होल्टचा दाब लागे. रॉचेस्टर येथील कोडॅकच्या प्रयोगशाळेंत चिंग तांग व स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनीं दोन निरनिराळ्या द्रव्यांचे अतिशय पातळ थर एकावर एक चढविले आणि १९८७ सालीं दहा व्होल्टच्या आंत लख्ख हिरवा प्रकाश मिळविला. या दिव्याच्या ऋणध्रुवाला असा धातु लागतो कीं जो इलेक्ट्रॉन सहज सोडील. आणि जो इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो पाण्याला व प्राणवायूलाहि ते तितक्याच उदारपणें देऊन टाकतो. तांग यांनीं मॅग्नेशियम घेतलें व तें तग धरावें म्हणून त्यांत थोडी चांदी मिसळली. तरीहि कोरड्या आर्गॉन वायूंत ठेवलेल्या त्या दिव्याचें तेज पहिल्या शंभर तासांतच पुष्कळ ओसरलें. तांग व व्हॅनस्लाइक यांनीं हें लपविलें नाहीं, आपल्या निबंधांतच नमूद केलें, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

१९९० सालीं केंब्रिजच्या बरोज, ब्रॅडली, फ्रेंड प्रभृतींनीं असाच दिवा पॉलिमरचा केला, आणि १९९२ सालीं सान्ता बार्बरा येथें हीगर यांच्या मंडळींनीं तो पॉलिएस्टरच्या पापुद्र्यावर उभा करून दाखविला. एक ध्रुव पॉलिॲनिलिनचा, म्हणजे लेथबींच्याच थराचा पणतू, दुसरा कॅल्शियमचा. हा दिवा हातानें वांकविला तरी जळत राही. वांकणारा दिवा तो हाच. परंतु त्याचा कॅल्शियम ओलसर हवेंत फार काळ धातु म्हणून राहात नाहीं. त्याचा चुना होतो.

सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणाऱ्यांना मग या दिव्यांचा रोग दिसूं लागला. उजळ पृष्ठभागावर गोल काळे ठिपके उठत आणि दिवसेंदिवस वाढत. दिवा पेटविला नाहीं, नुसता फळीवर ठेवला, तरी वाढत. धुळीच्या कणामुळें धातूच्या थरांत सुईच्या अग्राएवढें छिद्र राहावें, त्यांतून वाफ आंत शिरावी, तिनें धातूशीं संयोग पावून हायड्रोजन सोडावा, आणि त्या वायूच्या फुगवट्यानें धातूचा थर खालच्या थरापासून सुटावा, असा तो क्रम होता. १९९४ सालीं प्रिन्स्टनच्या बरोज, फॉरेस्ट प्रभृतींनीं असे दिवे नायट्रोजनांत कांचेच्या झांकणाखालीं ठेवून कडा राळेनें बुजविल्या, आणि त्यांचें आयुष्य शंभर पटीहून अधिक वाढलें. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधण्याचीच ही युक्ति. पण तिनें एका विद्येचे प्राण वांचविले. १९९७ सालीं पायोनियर कंपनीनें मोटारींतील ध्वनियंत्रावर असा पडदा बसविला; २००७ सालीं सोनीचा अकरा इंची दूरचित्रवाणी संच आला. एवढें झाल्यावरहि दिव्याच्या पोटांतला क्षय राहिलाच. १९९९ सालीं कॅनडांतील झेरॉक्सच्या हानी अझीझ प्रभृतींनीं दाखविलें कीं तांग यांच्या दिव्यांतील प्रकाश देणारा ॲल्युमिनियमयुक्त रेणु इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेंत स्वतःच अस्थिर असतो. बाहेरून कितीहि बंदोबस्त केला तरी तो आंतून झिजतो. तेव्हां रेणूहि बदलावे लागले, थरांची मांडणीहि बदलावी लागली.

पण या साऱ्या यशांत एक विपरीत गोष्ट होऊन बसली होती, तिकडे वाचकांचें लक्ष गेलेंच असेल. वांकणें हा ज्याचा मूळ गुण, त्याला जगविण्यासाठीं दोन कांचांच्या मध्यें चिणून टाकलें होतें! आयुष्य मिळालें तें हातपाय बांधून घेऊन. कांच काढून तिच्या जागीं प्लॅस्टिक घालावें, तर प्रश्न पुन्हां पहिल्या पायरीवर. एक आंकडा दिल्यावांचून ही अडचण ध्यानांत यावयाची नाहीं. साध्या पॉलिएस्टरच्या एक चौरस मीटर पापुद्र्यांतून दिवसाकांठीं कांहीं ग्रॅम वाफ पलीकडे जाऊं शकते. दिव्यानें दहा हजार तास जगावयाचें, तर ही गळती एका ग्रॅमच्या दहालक्षांशापर्यंत खालीं आणली पाहिजे, असा हिशोब रूढ झाला. एक एकर शेतावर असा पडदा अंथरला तर त्यांतून पाण्याचा एक थेंब उतरावयास सुमारें बारा दिवस लागतील. प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर दिला तर गळती दहापासून फार तर हजारपट कमी होई. त्यापुढें मजल जाईना, कारण थरांत बारीक छिद्रें राहात.

अमेरिकेंत वॉशिंग्टन संस्थानांतील बॅटेल संस्थेच्या प्रयोगशाळेंतून यावर एक तोड निघाली. एक थर पॉलिमरचा, त्यावर एक ऑक्साइडचा, पुन्हां पॉलिमर, पुन्हां ऑक्साइड, अशी पुरणपोळीसारखी घडण करावयाची. पॉलिमर खालचा खडबडीतपणा झांकून टाकतें, आणि एका ऑक्साइडचें छिद्र दुसऱ्याच्या छिद्रासमोर येत नाहीं. पडदा उत्तम ठरला. वाफ थोपली असें सर्वांनीं मानलें. परंतु २००४ सालीं ग्राफ, विलिफर्ड व बरोज (हे प्रिन्स्टनचेच बरोज) यांनीं गणित करून पाहिलें, तेव्हां निराळेंच सत्य बाहेर आलें. पडदा वाफेला थांबवीत नव्हता. उशीर लावीत होता. एका छिद्रांतून उतरलेली वाफ मधल्या पॉलिमरांत आडवी भटकत पुढच्या छिद्राच्या शोधांत राहते, आणि गळती तिच्या अखेरच्या वेगास पोंचावयास महिने किंवा वर्षेंहि लागूं शकतात. दिव्याचें आयुष्य म्हणजे तो विलंब. 'अभेद्य' या शब्दावर वाढलेल्या शास्त्रज्ञांना हें मान्य करणें जड गेलें असावें. पण आमच्या मतें या संबंध इतिहासांतील सर्वांत सखोल विचार हाच आहे. इतकी बारीक गळती मोजण्याची युक्तिहि गमतीची होती. कॅल्शियमचा चकचकीत थर पडद्यामागें ठेवावयाचा आणि तो किती वेगानें पारदर्शक होतो हें पाहावयाचें. १९९२ सालच्या दिव्याला जो धातु भोंवला, तोच आतां पहारेकरी नेमला गेला.

दुसरी तोड फिन्लंडहून आली. तुओमो सुंतोला यांनीं १९७४ सालीं एकेक अणुथर चढविण्याची रीत काढली होती ती दुसऱ्याच एका जातीच्या पडद्यांसाठीं. तसे पडदे हेलसिंकीच्या विमानतळावर १९८३ पासून पंधरा वर्षें चालले. तीच रीत पुढें सेंद्रिय दिव्यांच्या वेष्टनास लाभली.

वेष्टन घट्ट झालें, आतां तें वांकलें पाहिजे. ऑक्साइड ठिसूळ; शेंकडा एकच्या आसपास ताणला कीं त्याला भेगा पडूं लागतात, आणि भेग म्हणजे वाफेला राजमार्ग. एक दशांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा पांच मिलिमीटर त्रिज्येच्या कांडीभोंवतीं गुंडाळला तर त्याची बाहेरची बाजू नेमकी शेंकडा एक ताणते. यावर झिगांग सुओ व त्यांच्या प्रिन्स्टनमधील सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं उपाय सुचविला. वांकलेल्या पापुद्र्याची बाहेरची बाजू ताणते, आंतली आंखडते. तेव्हां मध्यें कोठें तरी एक पातळी अशी असते कीं जी ताणतहि नाहीं व आंखडतहि नाहीं. नाजूक थरावर तितक्याच बळाचें दुसरें अस्तर चढवून त्याला या मधल्या पातळींत आणून ठेवावें, म्हणजे तो सुखरूप राहतो. दुसरा उपाय जाडीच कमी करण्याचा. २०१३ सालीं तोकियोच्या सोमेया यांच्या प्रयोगशाळेंत काल्टेनब्रुनर प्रभृतींनीं सुमारें एक मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यावर विद्युन्मंडलें उभीं केलीं. चौरस मीटरला वजन तीन ग्रॅम. कागदाच्या बोळ्याप्रमाणें चुरगळलीं तरी तीं चालत.

सौर घटांच्या वाट्याला मात्र दुर्दैव आलें. हीगर ज्यांच्या संस्थापकांपैकीं एक होते, ती मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील कोनार्का कंपनी २००१ सालीं निघाली व २०१२ सालीं दिवाळ्यांत गेली. सिलिकॉनचे घट स्वस्त झाले हें एक कारण खरें. पण जे घट छपरावर वीस-पंचवीस वर्षांची हमी देऊन बसतात त्यांच्यासमोर मोजकीं वर्षें जगणाऱ्या पापुद्र्यानें उभें कसें राहावें? येथेंच एक लाजिरवाणी गोष्टहि उघडी पडली होती. प्रत्येक प्रयोगशाळा आयुष्य आपापल्या मापानें मोजी. कोणी अंधारांत, कोणी दिव्याखालीं, कोणी कोरड्या पेटींत, आणि मग हजारों तासांचे आंकडे एकमेकांसमोर मांडीत. २०११ सालीं अनेक देशांच्या संशोधकांनीं एकत्र बसून मोजणीचे सामाईक नियम ठरविले, तेव्हां कोठें आंकड्याला आंकडा भिडूं लागला.

दूरध्वनीच्या पडद्यांनीं मात्र बाजार जिंकला, आणि २०१९ च्या एप्रिलांत सॅमसंगनें घडी पडणारा दूरध्वनि परीक्षकांच्या हातीं दिला. त्यावर एक पातळ आवरण होतें. नव्या वस्तूवर येतें तसलेंच तें वेष्टन असावें, अशा समजुतीनें कांहीं परीक्षकांनीं तें सोलून काढलें, आणि पडदे बिघडले. विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. सुधारलेल्या आवृत्तींत त्या आवरणाच्या कडा चौकटीखालीं दडविल्या होत्या.

सोमेया यांच्याच प्रयोगशाळेंत २०१६ सालीं कातडीवर चिकटविण्याचा एक दिवा झाला. सर्व थर मिळून जाडी तीन मायक्रॉन. त्यांत रक्तांतील प्राणवायु मोजणारें यंत्र. पॅरिलीन आणि सिलिकॉनचें एक संयुग यांचे पांच थर आळीपाळीनें देऊन त्याचें वेष्टन केलें होतें. उघड्या हवेंत त्याचें तेज निम्म्यावर यावयास २९ तास लागले. छपरावरच्या घटाला २९ तास म्हणजे कांहींच नव्हे. शस्त्रक्रियेनंतर एक रात्र ज्याच्या उशाशीं जागून काढावयाची, त्या रोग्याच्या बोटाला तेवढे पुरतात.